सरांनी मला पाडले नाही

मी, खाली सही करणारा, वय ४४ वर्षे, धंदा चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी व तेरा वर्षांची मुलगी असे राहतो. मुलगी फुटबॉल खेळते. ती नीट चालायला लागली तेव्हा तिच्या पायात पहिला चेंडू मी टाकला. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तिला मीच शिकवत होतो. मी स्वतः कॉलेजच्या संघात बचावाला खेळलेलो आहे.

या वर्षी क्लबच्या कोचनी तिला एकटीला जादा सराव द्यायचे ठरवले. त्यांना सगळे सर म्हणतात. मीही म्हणतो. त्यांचे वय तिशीच्या आत आहे. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "काका, ही डाव्या पायाची आहे. तुम्ही उजव्याने का मारायला लावलंत?" प्रत्येक किकनंतर ती माझ्याकडे बघते, म्हणून मी कुंपणाबाहेर थांबावे, असेही ते म्हणाले. तेव्हापासून मी बाहेर थांबतो. बाहेर बोलणे ऐकू येत नाही. हसणे येते.

घरी जेवताना तिच्या प्रत्येक वाक्यात सर असतात. पाणी घोट घोट प्यायचं, सर सांगतात. हे मीही सांगत आलो आहे. मी सरांना पाण्यात पाहतो असे पत्नीचे म्हणणे आहे. ते खरे नाही.

काल संध्याकाळी सर आडवे येत होते व मुलगी त्यांना चकवून पुढे जात होती. सर मुद्दाम सोडून देत आहेत असे मला कुंपणाबाहेरून दिसले. म्हणून मी आत जाऊन म्हणालो, "असे लाड करून खेळ येत नाही. व्हा बाजूला, मी अडवतो."

सर म्हणाले, "काका, पायात साधे बूट आहेत. घसराल."

मी त्यांच्या छातीला हात लावून त्यांना मागे सारले. ते रेषेबाहेर जाऊन उभे राहिले.

मुलगी म्हणाली, "बाबा, नको ना. सगळे बघतायत."

मैदानात आम्ही तिघे व फाटकावरचा रखवालदार एवढेच होतो. मी म्हणालो, "ये."

ती आली. ती उजव्या पायाने जाईल असे धरून मी त्या बाजूला झुकलो. ती दुसरीकडून गेली. वळताना माझा गुडघा फिरला व मी पडलो. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा ती सरांकडे बघत होती.

रखवालदाराने भांडण समजून ठाण्यात फोन केला. हवालदार आल्यावर "सरांनी मला पाडले" असे मी सांगितले. मुलगी शेजारीच उभी होती. रात्री ती जेवली नाही. पत्नी म्हणाली, "त्या पोराला उद्या मैदानात पाऊल टाकू देणार नाहीत. तुमच्या जिभेला काही हाड?"

तरी आज सांगतो की मी पडलो तेव्हा सर लांब होते. त्यांनी मला हात लावला नाही. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

दवाखान्यात कसे गेलात असे विचारल्यावरून सांगतो की, मी हवालदारांना तसे सांगितल्यानंतरही सरांनीच त्यांच्या गाडीतून नेले. पाय लांब करावा लागल्याने मागची सगळी सीट मला लागली. मुलगी पुढे सरांशेजारी बसली. दुसरी जागा नव्हती, हे बरोबर आहे.

मी बोललो तसाच हा जबाब लिहून घेतला. मला वाचून दाखवला, मी ऐकला. त्यात काही बदल करायचा नाही.