फोटोतलं फावडं

राजूरकडं शेतातच एक लग्न होतं बघा. ना स्टेज, ना डीजे, त्यामुळं मी फोटोवाला एकदम निवांत. घरच्यांच्या फोटोला सगळे उभे केले, तर नवरीचे वडीलच न्हाईत! मोटारीची लाइट आल्ती म्हणून ते फेट्यासकट गव्हाला पाणी द्यायला गेल्ते.

मी पळत गेलो. "काका, फोटो राह्यला!"

"फोटो थांबंल, लाइट थांबंल का? अन् आमचा जावई बँकेतला. त्याला काय कळतंय ह्यातलं?"

तेवढ्यात मागून नवरदेवच आला. त्यानं बूट काढले, काकांच्या हातातलं फावडं घेतलं अन् पाणी बराबर पुढच्या वाफ्यात वळवलं.

काका बघतच राह्यले. मंग फेटा नीट करत मला म्हणाले, "आता काढ फोटो. फावडं मात्र जावयाच्याच हातात राहू दे."