पिंजरा, पाना आणि प्रस्तावना

...आणि वर मलाच म्हणते, 'बाबा, तुम्ही नका ना मदत करू!' आता बोला! तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी सूत्रसंचालन करतोय, सत्कार असो, उद्घाटन असो, पाहुण्यांची ओळख करून द्यायला माणूस कोण, तर मी! आणि माझ्याच लेकीच्या निबंधाची सुरुवात मला जमू नये? अहो, सुरुवात म्हणजे आपला प्रांत!

झालं काय, लेक आमची अकरावीत. निबंध कथेतल्या प्रतीकावर. कथेत एक म्हातारा, त्याच्याकडे रिकामा पिंजरा. पोपट कधीच उडालाय, पण हा गडी रोज सकाळी पिंजरा पुसतो. का पुसतो? मी म्हटलं, 'धूळ बसते म्हणून!' तर म्हणे, 'नाही बाबा, ते प्रतीक आहे.' बरं बाई, असेल! कॉलेजातल्या बाईंनी निबंध परत दिला, शेरा काय, तर 'बाकी उत्तम, पण सुरुवातीत तू कुठेच नाहीस. जमली, तर कॉलेजच्या अंकात छापू.' पोरीचं नाव पहिल्यांदा छापून येणार हो! मी कशाला गप्प बसतोय?

'मानव गुहेत राहत होता तेव्हापासून...' इथून धरलं! गुहेतून नदीकाठी आलो, नदीकाठून चाकाच्या शोधावर, दोन पानं भरली तरी पिंजरा काही येईना. आतून बायको, 'अहो, पाहुण्यांना बोलू देणार, की तुमचंच चाललंय?' माझ्या सूत्रसंचालनावरून टोमणा! पण तुम्हाला सांगतो, सुरुवात म्हणजे...

तेवढ्यात लेकीनं कागद काढून घेतला माझ्या हातातून. हळूच हं, मला लागू नये असा. आणि खोलीचं दार लावून घेतलं. खोटं कशाला बोलू, लागलंच. आता हिला मी नको? काल-परवापर्यंत माझ्या सायकलवर पुढे बसून 'बाबा, जोरात!' म्हणून ओरडणारी ही! तिची ती छोटी सीट अजून आहे दांड्यावर. बायको म्हणते, 'काढा ती, गुडघे फुटतील एक दिवस!' काढणार कशी? पाना सापडत नाही!

मग दार उघडलं. कागद पुढे केला तिनं. मी लाल पेन उघडून तयार. वाचतो तर काय...

'आमच्या बाबांच्या सायकलला एक छोटी सीट आहे. तिच्यात आता मी मावत नाही. बाबांचे गुडघे तिच्यावर आपटतात, तरी ते ती काढत नाहीत. म्हणतात, पाना सापडत नाही. पाना खिडकीत आहे. कथेतला म्हातारा पिंजरा का पुसतो, हे मला ती सीट बघून कळलं.'

पेनाला टोपण लावलं मी. जन्मभर जगाची ओळख करून दिली, माझी कुणी अशी करून दिली नव्हती हो!

'काही सुधारायचंय, बाबा?' मी म्हटलं, 'अक्षर जरा मोठं काढ.' दुसरं काय बोलणार? सुरुवात म्हणे आपला प्रांत!

तर बायको आली, खिडकीतला पाना माझ्या हातात ठेवला. दोघी बघतायत. गेलो खाली. लावला पाना. परत काढला, सीट तेवढी रुमालानं पुसली, आणि वर आलो. काय करणार... नट गंजलाय हो!