बसल्या जिवाची भूक

मंडळी, मागे कोणी उभे असाल तर पुढे या, सतरंजीवर जागा आहे. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास घालवून आलात तुम्ही. फार बरं वाटलं.

मला बोलायला सांगितलंय. आयुष्यभर दुबईच्या अल कुसैस भागात किराणा विकला मी. भाव सांगायला तोंड उघडायचं, भाषणाला नाही. त्यातून धाकट्या मित्रासाठी बोलायचं. जीभ रेटत नाही. चुकलंमाकलं पोटात घाला.

दिगंबर, आपला दिगू, सोमवारी गेला. झोपेतच गेला. आणि तेव्हापासून शालिनीवहिनींनी अन्नाला हात लावलेला नाही. घोटभर चहा, पाणी, बस्स. त्यांची लेक केतकी आत्ता दारात मला म्हणाली, "नाना, शी वोन्ट ईट. आय ट्राइड एव्हरीथिंग." तुम्ही सगळ्यांनी मायेने डबे आणलेत. त्यांच्या फ्रिजचं दार लागत नाही. म्हणून आज मी दिगूचे गुण गात बसणार नाही. न खाणाऱ्या जिवापुढे दिगू काय करायचा, तेवढंच सांगतो.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल. उन्हाळ्यात आपण सगळे गावी जातो. मग घरचं कुत्रं ठेवायचं कुठे? शारजाबाहेर, वाळूच्या कडेला, एका जुन्या व्हिलाच्या आवारात दिगू आणि शालिनीवहिनींनी कुत्र्यांचं पाळणाघर काढलं. जुलै-ऑगस्टात आवार नुसतं भुंकण्याने भरलेलं असायचं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिथे सबनीसवहिनींचा बंडू आला. वहिनी, सांगू का? हसताहेत, म्हणजे सांगतो. पांढरा पॉमेरियन. तुपातल्या पोळीवर वाढलेला. दिवसभर एसीत पडून राहायचं, सोफ्यावरून उतरायचं ते ताटलीपाशी जायला. एक पायरी चढला की धाप. मी म्हणालो, "दिगू, कुत्रा आहे की लोड?"

वहिनी विमानात बसल्या आणि बंडूने अन्न सोडलं. मालकीण नाही, तर घास नाही. मी दुकानातून टिनातलं चिकन नेलं. शालिनीवहिनींनी दूधभात कालवला. छे! दिगू आला आणि त्याने ताटलीच उचलली.

"अरे, उपाशी मरेल तो!" मी ओरडलो.

"नाना, भरल्या ताटासमोर बसवून कधी कुणाला भूक लागलीय का? आधी डॉक्टरला दाखवतो. आजारी नसला तर फिरवतो."

डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, वजन तेवढं फार आहे. मग पहाटे, ऊन वर यायच्या आत, दिगू निघायचा. डांबराला तळहात लावून बघायचा. चटका नाही ना? यल्ला बंडू, चल! पहिल्या दिवशी फाटकापर्यंत. मग खजुरीपर्यंत. ओढायचा नाही, ओरडायचा नाही. परत आला की सावलीत बसवायचा. श्वास खाली बसला की मूठभर भात पुढे ठेवायचा आणि पाठ फिरवायचा. टक लावून बघायचं नाही. एका सकाळी आमच्या पाठीमागे ताटली चाटल्याचा आवाज आला. दिगूने वळून पाहिलं नाही. माझा हात तेवढा दाबला.

मी त्याला विचारलं, "आता चालायला लागलाय, तर जास्त खाईल ना हा?" म्हणाला, "उलटं आहे नाना. बसलेलं जनावर जास्त खातं. भुकेनं नाही, दुसरा उद्योग नाही म्हणून. बेताचं चालणारं बेताचं खातं. आणि पार दमवलंत, तर ताटलीकडे बघतही नाही." मी सातवी शिकलेला माणूस. पुस्तकात काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही. त्या आवारात मी हे उन्हाळ्यामागून उन्हाळे बघितलं.

सुट्टी संपली. सबनीसवहिनी आल्या. बंडू धावत सुटला तो त्यांच्या मांडीवरच चढला. वहिनींनी पाठीवरून हात फिरवला आणि किंचाळल्या, "अगंबाई! हाडं लागताहेत माझ्या पोराची! काय हो, भात परवडत नाही का तुम्हाला?"

दिगू म्हणाला, "हाडं होतीच वहिनी. आता हाताला लागताहेत एवढंच."

झालं! आगीत तेल. गणपतीत, हळदीकुंकवात, सगळीकडे एकच चर्चा: दिगूकडे जनावरं उपाशी ठेवतात. कुणीतरी त्या जागेला 'एकादशीचा आश्रम' असं नाव ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात निम्मं आवार रिकामं. मी म्हणालो, "अरे, बोल की काहीतरी!" तर म्हणाला, "काय बोलू? बाईंची माया खोटी नाहीये. त्यांना ती ताटातूनच द्यायची ठाऊक आहे."

पुढे हिवाळ्यात त्याच वहिनींचा फोन आला. बंडू पुन्हा फुगला होता. खायचा, झोपायचा, उठून पुन्हा ताटलीपाशी. रात्री धाप. दिगू लगेच गेला. वहिनींनी विचारलं, "औषध आणलंत का?" म्हणाला, "तुम्ही बूट घाला, मग सांगतो." आणि दोघांनाही घेऊन खाली उतरला. रोज. बिल्डिंगच्या मागच्या रस्त्याने, सावकाश. बंडूचं वजन उतरलं, वहिनींचे गुडघे दुखायचे थांबले. हेही वहिनींनीच गावभर सांगितलं. बदनामी केली होती ना, तेवढ्याच मोठ्या आवाजात! पुढच्या उन्हाळ्यात आवारात जागा पुरली नाही.

मंडळी, आपण आग्रहाची माणसं. कुणी रडलं की ताट वाढतो. "एक घास, माझ्यासाठी." मीही परवा तेच केलं. शालिनीवहिनींनी माझ्यासाठी घास तोंडात घातला आणि उठून मोरीत टाकून आल्या. तेव्हा मला दिगू आठवला. आपण सगळे त्यांच्यासमोर ताट घेऊन बसलोय, आणि टक लावून बघतोय.

शालिनीवहिनी, जेवा असं मी आज म्हणणार नाही. मला तुमची मदत हवीय. आवारात सात कुत्री आहेत. पहाटे मी फिरवतो त्यांना, पण मला सत्तरी उलटलेल्याला ती ऐकत नाहीत. फाटकापाशी बसून राहतात. त्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे. उद्या पहाटे याल का? फार लांब नाही जायचं. सबनीसवहिनी येताहेत. केतकीही येते म्हणाली. परत आल्यावर काय करायचं ते परत आल्यावर बघू. कुणी बघत उभं राहणार नाही, हा माझा शब्द.

'हो' म्हणून मान हलली वहिनींची. मी पाहिली. खलास, आता मला पुढे काही बोलायचं नाही.

मंडळी, हळूच उभे राहा. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही.

दिगू, तू हो पुढे. आम्ही येतो सावकाश.