मधली भिंत

—म्हणजे माझ्यामुळे? तुझी नोएमी झोपत नाही ती माझ्यामुळे? बस गं यारेली, दारातून भांडू नये, ती खुर्ची ओढ — मी आपली या टांगलेल्या झोळीतच बरी. सगळं करतेस, माहीतेय मला — संध्याकाळी अंघोळ, मग कोमट दूध, मग दिवा बारीक, मग ते गाणं — दुसऱ्या कडव्याला सूर सोडतेस, असू दे — फोनमधली बाई सांगते तस्सं. बरंच सांगते, मी कुठं नाही म्हणते? पण त्या बाईला म्हणावं, मेरिदाच्या उकाड्यात राहून बघ एकदा! गादीवर लेकरू? चारी बाजूंनी गज? कोंबडी आहे का ती? इथं लेकरं झोळीत झोपतात, बाई. नोएमीच्या बाप्तिस्म्याला एवढी सुती झोळी दिली मी, तिच्यावर तू टॉवेल वाळत घालतेस — दिसतं मला अंगणातून. तुमच्या राजधानीत झोळी सुट्टीपुरती असेल, आमचा जन्म जातो तिच्यात.

आणि वर म्हणालीस, दूध पिऊन झालं की येत जाऊ नका, कांदिताबाई. बरं, नाही आले! आठवडाभर आले का? खिडकीशी तरी? गोड पावसुद्धा सकाळीच आणून दिला. तरी रडतेच ना? मग? मी आपली इथं पडलेली असते, आपल्या दोन घरांच्या मधल्या भिंतीला पाय लावून झोका घेते, सगळं गाव घेतं तसा — आणि ती पलीकडून हातानं थापते. हुशार आहे गं! मी थांबले की थापते, मी पायानं एक थाप दिली की खुदकन हसते, आणि परत थापते — तिला वाटतं, चिच आली. आईच्या आधी 'चिच' म्हणाली, आमच्याकडं आजीला म्हणतात तसं. मी नव्हतं हं शिकवलं — म्हणजे, फार नव्हतं. माझा नातू कान्कूनला, फोनवर दिसतो, मान वर करत नाही मेला. मला कोण थापतंय?

अशी काय बघतेस?

अगं, झोका घेणं पण गुन्हा आता?

थांब. ऐकलंस? उठली. थापतेय. — नाही, नाही देत मी उत्तर. हा बघ पाय, खाली ठेवला. बघ की!

...परत थापतेय गं.

जा, यारेली. जा म्हणते ना — थोपट तिला. आणि दार ओढून घे.