दिसताक्षणी मारलेला ब्रेक

१९ मे, ढगाळ आणि कोंदट. कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी चालवायच्या माझ्या रेल्वे-सिम्युलेटरला मी खेळ का म्हणत नाही, ते सांगतो.

करंजाड्याला आमच्याच बिल्डिंगमधले गोमाकाका मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर. नोकरीत असताना जासईजवळ त्यांच्या गाडीखाली एक माणूस गेला होता. एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाले, "ब्रेक उशिरा मारला का रं मी? विचार तुझ्या मशीनला."

काकांनी सांगितली तशीच भरलेली कंटेनरगाडी, तोच वेग मी लावला आणि त्यांना तो दिसला तेवढ्याच अंतरावर, तीनशे मीटरवर, माणूस उभा केला. काकांनी दिसताक्षणी ब्रेक मारला. गाडी चाळीस मीटर अलीकडे थांबली.

काका पांढरे पडले. "मंग वाचला असता तो. मीच मारला, नाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ब्रेकची सेटिंग सोपीच राहिली होती. सगळ्या वॅगन एकदम ब्रेक धरत होत्या.

"काका, खऱ्या गाडीत शेवटच्या वॅगनपर्यंत ब्रेक पोचायला वेळ लागतो ना?"

"लागनारच. पाइपातली हवा सुटंपर्यंत गाडी धावतेच. मंग मगाशी काय दाखवलंस मला?"

सेटिंग खरी केली. काकांनी तीनदा गाडी चालवली, तिन्ही वेळा दिसताक्षणी ब्रेक मारला. तिन्ही वेळा गाडी त्या माणसाला ओलांडून दोनशे दहा मीटर पुढे थांबली.