जेवणाचं तप

विषय – आपल्या सूनबाई हेतल यांचा उपवास. संदर्भ – आपण आत्ता केलेली तोंडी विनंती, की मी घरी येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा आणि अठ्ठाई, म्हणजे आठही उपवास, पुरी करायचं बळ द्यावं. – हसू नका बिपिनभाई, मामलतदार कचेरीत जन्म गेला, विषय आणि संदर्भ मांडल्याशिवाय मला विचारच करता येत नाही. बसा. उपाश्रयाचा बाक आहे, साधूंच्या मुक्कामाच्या जागेतून कुणी उठवत नाही. जोडे सारा बाजूला – हो, माझेच. तर निर्णय शेवटी सांगतो, आधी अडचण ऐका. अडचण अशी, की तुम्ही समजता तो हात हा नव्हे.

आत संगमरवराची पाटी बघितलीत? ‘महान तपस्वी रसिकलाल दोशी, अठ्ठाई.’ अख्खं पाटण वाचतं. तेवढं सोडलं तर पाटी चांगली आहे, अक्षर सुबक आहे. उपवास खोटे नव्हते – पोटात पाण्याखेरीज काही गेलं नाही, तेही उकळलेलं – पण तप? अहो, मी जेवेनासा झालो होतो, एवढंच. नुकताच निवृत्त झालो होतो. काय झालं होतं म्हणता? काही नाही, हाच तर घोटाळा! पेन्शन सुरू, मुलगी सासरी सुखात, गुडघे शाबूत. कारणाचा रकाना कोरा. असा कागद कचेरीत आला असता तर मी उभ्या उभ्या परत पाठवला असता. सकाळी डोळे उघडायचे आणि वाटायचं, आता हे परत मिटेपर्यंत एवढा मोठा दिवस ठेवायचा कुठे? नाव रसिकलाल – आणि समोर बासुंदी ठेवली तर वाटायचं, भिंतीला द्यायचा चुना कालवलाय.

आणि नेमकं आपलं पर्युषण लागलं, उपवासांचा आठवडा. दुसऱ्यांच्यात माणूस जेवेनासा झाला तर डॉक्टरला बोलावतात. आपल्यात पर्युषणात जेवेनासा झाला तर बँडवाल्याला बोलावतात. चिनुभाई आले – आपले जैन संघाचे चिटणीस हो, ज्यांच्या आवाजापुढे लाउडस्पीकर लाजतो. “रसिककाका, गुपचूप चाललंय होय? दोन दिवस झाले म्हणे! आणि वर मौन? वाह!” दंडाला धरून इथं आणलं. साधू महाराजसाहेबांनी विचारलं, भाव आहे ना? मी हात जोडले. झालं, पच्चक्खाण दिलं, उपवासाची प्रतिज्ञा झाली. भाव कुठला, बिपिनभाई? ‘हो’ म्हणायला हात जोडले की भागतं. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं लागतं, पुढे कारण द्यावं लागतं, आणि कारणाचा रकाना – सांगितलंच.

मग घरी रांग. जो येईल तो विचारतो, “शाता?” – बरं वाटतंय ना? – आणि उत्तराआधी पाया पडून पुढे. मी गप्प. तर म्हणाले, काय समता, चित्त जरा म्हणून हलत नाही! एकदा डोळ्यांतून पाणी आलं, तर एका काकींनी ते बोटावर घेऊन आपल्या डोळ्यांना लावलं – कर्मं गळतायत म्हणे. मीही मनात म्हटलं, गळत असतील बुवा, आपल्याला काय कळतंय. एकट्या इंदुनं, आमच्या हिनं, भिंतीकडे तोंड करून निजलो होतो तेव्हा विचारलं, “उपवास आहे, की भूक नाही?” मी उत्तर दिलं नाही. तिला नाही दिलं, बघा, आणि चिनुभाईंना हात जोडून दाखवले.

मिरवणूक निघाली. साफा, हार, दोन घोड्यांची बग्गी, पुढे बँड. तीन दरवाजाच्या चौकात आलो आणि वाटलं, आता इथंच संपावं, किती सोयीचं. बँड आहेच, माणसं जमलीच आहेत, हार ताजे आहेत, घरच्यांना वेगळी तजवीज – जाऊ द्या. हे इंदुलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. सुनेमुळे असेल.

दुसऱ्या दिवशी पारणं. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी, चमचा ओठांशी – आणि मला गिळावंसं वाटेना. ओघळ उपरण्यावर. सगळा संघ टक लावून. चिनुभाईंना माइक हातात असला की शांतता सोसत नाही – “काकांचे भाव वाढले! काका सोळा उपवास करणार!” टाळ्या. अहो, टाळ्या थांबेनात. मी मनात म्हटलं, सोळा तर सोळा. तेव्हा इंदु उठली. बायकांच्या बाजूनं सरळ चालत आली – नळावरसुद्धा जिचा आवाज चढला नाही कधी – आणि माइक काढून घेतला. “ते तप करत नाहीयेत. आजारी आहेत. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. गप्प बसलेला प्रत्येक माणूस साधू नसतो.” चिनुभाई म्हणतात, “भाभी, पारण्याच्या वेळी असं अशुभ –” “तुम्ही खाली बसा,” म्हणाली. बसले! संघाच्या इतिहासात पहिल्यांदा.

मग एक म्हाताऱ्या साध्वीजी पुढे आल्या. काठी टेकत. मला विचारलं, “शाता?” – आणि उभ्या राहिल्या. कळलं ना? उभ्या राहिल्या. पुढे गेल्या नाहीत. लोक चुळबुळले, मुगाचं पाणी गार झालं, त्या आपल्या उभ्या. शेवटी मी म्हणालो, “नाही.” एवढा एकच शब्द, पण तो आणायला फार खालून यावं लागलं. त्या म्हणाल्या, “आता ठीक.” साधूंना ‘खा’ असं सांगता येत नाही, त्यांना त्यागच देता येतो. म्हणून त्यांनी मला त्याग दिला – इंदुबेनच्या ताटाला ‘नको’ म्हणण्याचा. भूक असो, नसो.

ते माझं तप. तेवढं एकच. एकेक फुलका म्हणजे शत्रुंजयाच्या डोंगराची चढण हो, आणि इथं बँड नाही, पाटी नाही. दीड फुलका खाल्ला म्हणून कोण पाया पडायला येतंय? सोबत डॉक्टरांची गोळी. ती झोपताना घ्यायची, आणि आपलं सूर्यास्तानंतर तोंड बंद, म्हणून चिमण्यांबरोबर निजतो. – हो, अजून चालू आहे.

आत काही दिसलं का? सगळे तेच विचारतात. प्रकाशबिकाश काही नाही. अंधारच होता. पण एक दिवस सामायिकाला, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या ध्यानाला, बसलो असताना – आयुष्यभर मी त्या बैठकीत घड्याळाकडे बघत आलो – ध्यानात आलं, की हा अंधार बघत कुणीतरी बसलंय, आणि ते काही उदास नाही. नुसती नोंद घेतंय. कारकूनच असावा. पुस्तकांत याला साक्षी म्हणतात, त्याच ओळींखाली मी जन्मभर रेघा मारत होतो, सरळ, पट्टी लावून. गेल्या थंडीत सगळं परत आलं, तेव्हा तो साक्षीबिक्षी रजेवर होता. ताट होतं, गोळी होती. तेवढ्यावर थंडी निघाली. तेव्हापासून या बाकावर बसतो, येणाऱ्याला शाता विचारतो आणि थांबतो. लोक टाळतात मला, दुसऱ्या दारानं जातात.

आता तुमचं. हेतलनं पच्चक्खाण स्वतः मागितलं? – सासूबाई घेऊन आल्या. हिनं हात जोडले. हं. वैशाखात बाळंतपणाला गेलेली पोर दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली, त्यानंतर बोलली काही? – मौन. बरं. आणि रात्री? – जागून जप करते. ओठ हलताना बघितलेत? – नाही. मग जप करते हे कोण म्हणालं? – चिनुभाई. वाटलंच.

निर्णय – विनंती अमान्य. हात ठेवायला मी येणार नाही. तुम्ही घरी जा, तिच्यासमोर उभे राहा, शाता विचारा, आणि हलू नका. पाय दुखले तर खाली बसा, सासरे असलात तरी बसा. काही बोलली नाही तरी तिला एकटी सोडू नका. आणि आजच, ऊन आहे तोवर, डॉक्टरीणबाईंकडे न्या – स्टेशन रोडला, औषधांच्या दुकानावर. नाही, उद्या नाही, पारण्यानंतर नाही. पत्रिका वाटल्यात तर वाटल्यात. बँडवाल्याला मी सांगतो, मला ओळखतो तो. पाप लागेल? माझ्या नावावर टाका, आतल्या पाटीवर खाली जागा आहे. उठा, बिपिनभाई. अहो, तुमचे जोडे ते पलीकडचे. जा.

पाटीचं? अर्ज दिलाय ना मी ट्रस्टींना, नाव काढावं म्हणून. चिनुभाई दर पर्युषणात तो माइकवरून वाचतात, नम्रतेचा नमुना म्हणून. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.