क्रेनखालचा माणूस

तुम्ही हसाल, पण माझ्या पहिल्या मोठ्या कामात मला वडिलांनी नापास केलं होतं. तेव्हा सुरतेत मी शिकाऊ ऑपरेटरांसाठी कॉम्प्युटरवर क्रेन बनवत होतो. खेळ बनवायचं एक सॉफ्टवेअर, गेम इंजिन, हाती लागलं होतं, त्याच्यावर. आमचे नाना, म्हणजे वडील, बावीस वर्षं खऱ्या क्रेनवर. दुसऱ्या दिवशी कंपनीला दाखवायचं, म्हणून आधी त्यांनाच लिंबायतच्या घरून रिक्षात घालून आणलं.

नानांनी पडद्यावरच्या क्रेननं पेटी झकास उचलली, वळवली आणि थांबले. हलेचनात.

"नाना, सोडा की खाली!"

"खाले कोन उभा शे?"

"कोणी नाही. खेळ आहे हा."

"मंग इशारा कोन देई? इशाराबिगर मी माल सोडत नही."

मी तिथंच बसून क्रेनखाली एक ठेंगणा माणूस काढला, त्याला पिवळी टोपी घातली, हात हलवायला लावला. त्या हाताकडे बघत नानांनी पेटी इतकी अलगद टेकवली की खरी असती तरी आवाजसुद्धा आला नसता.

"आता पास ना?" मी विचारलं.

पडद्यावर तो माणूस अजून हात हलवतच होता. नाना त्याच्याकडे बघत म्हणाले, "आते त्याले घर जाऊ दे. जेवाना टाइम व्हई गया."